बैठक सगळ्यांची

सकाळी ८.३०

अंगणवाडीचं कुलूप काढलं की चप्पल बाहेर ठेवते आणि अनवाणी खोलीभर एक फेरी मारते. आषाढात देहूरोडला पाऊस मुक्कामालाच येतो. घोराडेश्वराचा डोंगर दिवसदिवस ढगात असतो आणि आमच्या शहाबादी फरशीला खालून ओल येते. तळव्याला जिथे गार लागतं तिथे आज कुणालाही बसवायचं नाही, हे या फेरीतच ठरतं.

मदतनीस मावशी तोवर दोरीवरची सतरंजी चाचपून बघतात. काल धुतलेली सतरंजी आजही दमट असते. दमट सतरंजीवर तीन वर्षांचं मूल बसवलं की ते दर थोड्या वेळानं शू लागली म्हणतं, दुपारपर्यंत शिंकायला लागतं, आणि त्याचं लक्ष गोष्टीत नसतं, ओल्या चड्डीत असतं. म्हणून पावसाळ्यात आमची रीत वेगळी. खाली प्लॅस्टिकची विणलेली चटई, वर पातळ गोधडी. गोधड्या जुन्या सुती साड्यांच्या, पालकांनीच शिवून दिलेल्या. सतरंजीपेक्षा हलक्या, पंख्याखाली रात्रीत वाळतात. दोन जोड ठेवले की एक अंगाखाली असतो आणि एक दोरीवर.

अंगणवाडीची इमारत किमान ६०० चौरस फुटांची असावी, असा निकष आहे. त्यात मुलांची खोली, स्वयंपाकघर, कोठी, स्वच्छतागृह सगळं आलं. वस्तीत भाड्याच्या खोलीत चालणाऱ्या अंगणवाडीला एवढी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे बसण्याची कुठलीही वस्तू घेताना आम्ही तीनच गोष्टी बघतो. एकावर एक रचता येते का? धुता येते का? चार वर्षांच्या मुलाला ती स्वतः उचलून नेता येते का? यातला तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

सकाळी ९.१५

मुलं येऊ लागतात. कुणाचे आजोबा लष्कराच्या डेपोत होते, कुणाचे ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणाचे वडील चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर. घरी कुणी तमिळ बोलतं, कुणी तेलुगू, कुणी हिंदी, कुणी मराठवाड्याची मराठी. दारात सगळ्यांचे रेनकोट एकाच खिळ्यावर लटकतात.

एक आई मुलीसोबत नवं कोरं, फुलाफुलांचं बस्कर घेऊन आली.

“ताई, हिला याच्यावरच बसवा हं. कालपासून खोकतेय.”

“चांगलं केलंत आणलंत ते. पण इथं आलं की ते सगळ्यांचं होतं. आज ती बसेल, उद्या दुसरं कुणी. चालेल ना?”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “चालेल की. अजून एक शिवते.”

मी हा आग्रह का धरते, ते सांगायला हवं. साताऱ्यात शाळेत असताना छोट्या भीमरावाला वर्गात वेगळं, एकट्यानं कोपऱ्यात बसावं लागे. त्याच्या बुडाखाली गोणपाटाचा एक तुकडा असे. झाडणारा माणूस त्या तुकड्याला हात लावत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी आमच्या देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ दर वर्षी हजारो माणसं इथे येतात आणि एकाच जमिनीवर शेजारी शेजारी बसतात. अशा गावातल्या अंगणवाडीत घरून आणलेलं आसन एकट्याचं राहू नये आणि कुणाचीही जागा ठरलेली नसावी. तीन वर्षांच्या मुलाला समता या शब्दाचा अर्थ कळत नाही. पण काल ज्या गादीवर शेजारचा बसला होता तिच्यावर आज आपण बसतो, हे त्याच्या अंगाला कळतं.

सकाळी १०.००

गोलात बसतो. गाणं, हजेरी, आज पाऊस कसा पडला याच्या गप्पा. गोलात पहिलं बाक नसतं आणि शेवटचंही नसतं. मला सगळे चेहरे दिसतात आणि मुलांना एकमेकांचे. रांगेत बसवलं की मुलाला समोरच्याची फक्त मान दिसते.

हाताची घडी, तोंडावर बोट, हे आम्ही म्हणत नाही. कुणी मांडी घालतं, कुणी पाय लांब सोडतं, कुणी गुडघ्यांवर उभं राहतं, एखादं भिंतीला टेकतं. या वयात पाठीचे आणि पोटाचे स्नायू अजून घडत असतात. मूल सारखी बैठक बदलतं, कारण एका जागी ताठ राहण्याचं काम त्याच्या स्नायूंना जड जातं. त्याला सक्तीनं निश्चल बसवलं, तर सगळी शक्ती बसण्यातच खर्च होते आणि ऐकायला काही उरत नाही. गोलाची वेळही मी आवरती ठेवते. दोन-चार मुलांची चुळबुळ सुरू झाली, की उठून उड्यांचं गाणं घेते.

सकाळी १०.२०

आता कोपरे. आमच्या दिवसाचा हाच गाभा. बाहुलीघर, ठोकळे, पुस्तकं, चित्रं, माती आणि बिया. कुठे जायचं ते मूल ठरवतं आणि तिथे कसं बसायचं तेही तेच ठरवतं.

ठोकळ्यांच्या कोपऱ्यात कुणालाच आसन लागत नाही. मनोरा वाढला की मूल उकिडवं बसतं, मग उभं राहतं. पुस्तकांच्या कोपऱ्यात चिंध्या भरलेल्या दोन जाड गाद्या आणि लोड आहेत. तिथे दोघं-तिघं एकमेकांवर रेलून एकच पुस्तक बघतात. माती मळायला ठेंगणं टेबल आहे. त्याला खुर्च्या ठेवलेल्या नाहीत, कारण मातीला जोर लागतो आणि जोर उभ्यानं येतो. बिया निवडायला पाट. पाटावर बसलं की ताट समोर हाताशी राहतं आणि बी सांडत नाही. चित्रांच्या कोपऱ्यात काही जण ठेंगण्या स्टुलावर बसतात, काही जण गोधडीवर पालथे पडून रंगवतात.

पालथं पडलेल्यांकडे बघून आज एक बाबा दारातच थबकले. रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल.

“ताई, हे झोपून काय लिहितात? समोरच्या नर्सरीत कसे बाकावर बसून ए-बी-सी-डी गिरवतात.”

मी त्यांना आत बोलावलं. मुलगा कोपरांवर भार देऊन मान वर धरून रंगवत होता. मी म्हटलं, “बघा, मान, खांदा, मनगट, तिन्ही कामाला लागलेत. पेन्सिल बोटांनी धरतात खरी, पण तिचा जोर खांद्यातून येतो. तो आधी तयार होऊ द्या. अक्षरं पळून जात नाहीत.” मग विचारलं, “तुमच्या लाइनवर टेबलाची उंची कशी असते हो?”

“माणसाप्रमाणे लावतात. नाहीतर पाठ धरते आणि काम चुकतं.”

“मग या पोरांचंही तसंच.”

ते बराच वेळ बघत उभे राहिले. जाताना म्हणाले, “आमच्याकडे पुठ्ठ्याचे जाड खोके निघतात. विचारून आणू का?” मी आनंदानं हो म्हटलं. जाड पुठ्ठ्याचा खोका उलटा घातला की मांडीवर घ्यायचं छोटं मेज होतं. मोठ्या खोक्याला दार कापलं, की गर्दीनं बावरलेल्या मुलाला एकटं बसायला गुहा मिळते. अशी एक जागा प्रत्येक खोलीत हवीच. रडू आलेलं मूल तिथे जातं, थोड्या वेळानं आपणहून बाहेर येतं, आणि कुणाला समजूत घालावी लागत नाही.

मुलाच्या मापाची, त्याला हलवता येणारी बैठक ही कल्पना माझी नव्हे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या कामगार वस्तीत पहिलं बालघर काढलं. तेव्हा शाळांतली जमिनीला खिळलेली बाकं नाकारून त्यांनी मुलांना उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या आणि खाली काम करायला चटया दिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शिंपले, पानं, दगड, माती हीच साधनं मानली. बसायला सारवलेली जमीन आणि झाडाची सावली. माँटेसरींचं तत्त्व त्यांनी घेतलं, फर्निचर घेतलं नाही. मला देहूरोडच्या खोलीत तोच रस्ता धरावासा वाटतो. पैसे नाहीत म्हणून अडून बसायची गरज नाही. आणि पैसे मिळाले, तर ते कशावर घालायचे तेही त्यातून कळतं.

सकाळी ११.३०

आज उंची-वजनाचा दिवस. काट्यावर मूल, मग उंचीच्या पट्टीला टेकून उभं, आणि आकडा पोषण ट्रॅकर ॲपमध्ये. कुपोषण वेळेत ओळखायला ही नोंद आहेच. मी याच आकड्यांचा आणखी एक उपयोग करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची साधारण ९६ सेंटीमीटर आहे आणि पाच वर्षांच्या मुलाची ११०. मुलींची यापेक्षा जेमतेम सेंटीमीटरभर कमी. म्हणजे माझ्या एकाच खोलीत चौदा सेंटीमीटरचा फरक रोज शेजारी शेजारी बसतो. त्यात खुरटलेलं मूल असेल तर फरक आणखी वाढतो. एका मापाची तीस बाकं सगळ्यांना कशी पुरतील?

युरोपातल्या शालेय फर्निचरच्या मानकात बैठकीचं माप मुलाच्या उंचीवरून ठरवलेलं आहे. साधारण ९३ ते ११६ सेंटीमीटर उंचीच्या मुलासाठी बैठक जमिनीपासून २६ सेंटीमीटर आणि टेबल ४६. त्याहून लहानांसाठी बैठक २१ आणि टेबल ४०. थोड्या मोठ्यांसाठी ३१ आणि ५३. आपल्या मुलांचं माप घ्यायला मात्र मानकही लागत नाही. मुलाला पायरीवर बसवायचं, तळवे जमिनीला टेकवायचे आणि गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप धरायची. तेवढी स्टुलाची उंची. पाय लोंबकळले की मांडीचा मागचा भाग दाबला जातो, मूल पुढे घसरत राहतं आणि आपण त्याला नीट बस म्हणून रागावतो. त्याच्या पायाखाली जमीन नसते, एवढंच खरं कारण असतं. योग्य मापाचं स्टूल मिळेपर्यंत पायाखाली एखादी वीट किंवा लाकडाचा ठोकळा सरकवला तरी मुलाची चुळबुळ कमी होते.

दुपारी १२.१५

बचत गटाकडून खिचडी आणि मटकीची उसळ आली. हात धुऊन पंगत. इथे मात्र सगळे खाली, मांडी घालून, चटईच्या लांब पट्ट्यांवर समोरासमोर. जेवताना मांडी उत्तम. ताट स्थिर राहतं, मूल स्वतःच्या हातानं जेवतं आणि समोरच्याचं बघून न आवडणारी उसळही तोंडात घालतं. मुलाला बसण्याची मोकळीक द्यायची म्हणजे दिवसभर मन मानेल तसं वागू द्यायचं, असं नाही. कामाला साजेशी बैठक असते आणि जेवणाची बैठक पंगतीचीच. मुलांना हा फरक सांगावा लागत नाही. रोज केल्यानं तो मुरतो.

पंगतीत मी मुलांच्या बसण्याकडे नीट बघते. एक मुलगा नेहमी गुडघे दुमडून दोन्ही पाय बाहेर फेकून बसतो. बरीच मुलं अधूनमधून तशी बसतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जे मूल दुसऱ्या कुठल्याच पद्धतीनं बसू शकत नाही, त्याच्या नावापुढे मी खूण करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, तेव्हा ते मूल पहिलं दाखवायचं.

दुपारी १.००

गोष्ट. ऐकायला आडवं पडलं तरी चालतं. दोन मुलं तर झोपतातच, आणि झोपू देते.

जाण्याआधी आवरणं. प्रत्येक जण एक वस्तू उचलतो. पाट भिंतीशी, स्टुलं एकात एक, गोधडीची घडी दोघांनी दोन टोकं धरून. घडी वाकडी होते. मावशी मागून सरळ करतात, पण मुलं गेल्यावर. जड लोखंडी बाक मूल आवरू शकत नाही, त्यामुळे ते त्याचं कधीच होत नाही. ज्या वस्तूला त्याचे हात रोज लागतात, ती ते जपतं.

दुपारी २.००

मुलं गेली की नोंदी आणि सफाई. गाद्यांच्या खोळी दर आठवड्याला निघतात आणि गरम पाण्यातून जातात. मऊ बैठकीचा खरा खर्च हाच. खोळ निघत नसेल, तर ती गादी अंगणवाडीत आणू नये. उवा आणि खरूज गादीवरूनही पसरू शकतात. थर्मोकोलच्या दाण्यांच्या पिशव्या मी घेत नाही. शिवण उसवली की दाणे नाका-तोंडात जातात. फोमच्या जोडलाद्याही लहान गटाला नकोत, कारण कडा चावून तुकडे पाडतात. जुन्या टायरवर सुतळी विणून सुंदर बैठक होते आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात टायरला तोटा नाही. पण पावसाळ्यात टायर बाहेर ठेवला की आत पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास होतात. खालून भोकं पाडायची, आतली पोकळी भरून घ्यायची, आणि टायर खोलीतच ठेवायचा.

दुपारी ३.३०

गृहभेटी. आज रुळांपलीकडच्या वस्तीत एका मुलीकडे. चार वर्षांची आहे, कंबरेत जोर नाही. आधार सोडला की एका बाजूला कलंडते. आईनं तिला अंगणवाडीत पाठवणंच बंद केलं होतं. “तिथं ती पडून राहील ताई, बाकीचे बसतील.”

लोकल धडधडत गेली, तोवर आम्ही दोघी गप्प होतो. मग मी तिला भिंतीचा कोपरा दाखवला. दोन भिंती जिथे मिळतात तिथे पाठ टेकवली, की दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. पुढे ठेंगणं मेज, मांड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल. मुलगी सावरून बसली आणि दोन्ही हात मोकळे झाल्यावर तिनं पहिल्यांदा डबीचं झाकण स्वतः उघडलं. जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे तिच्या मापाची कोपरा-खुर्ची करून घ्यायची आहे. खोलीत प्रत्येक मूल वेगळ्या बैठकीवर असलं, तर तिची खुर्ची कुणाच्या नजरेत भरणार नाही. सगळी एका साच्याच्या बाकांवर असली, तर ती एकटी पडेल. बैठकीत विविधता हवी, याचं माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

संध्याकाळी ५.३०

बाजारात सुतारकाकांकडे. शाळेतून निघालेलं जुनं बाक त्यांनी पाय कापून ठेंगणं टेबल करून दिलंय. कडा घासून गोल केल्या, खिळ्यांऐवजी स्क्रू बसवले. आज मापांचा कागद दिला. काही स्टुलं २१ सेंटीमीटरची, काही २६ ची, पाच वर्षांच्या उंच मुलांसाठी थोडी ३१ ची. पायांना खाली रबरी बुचं, म्हणजे ओल्या फरशीवर सरकणार नाहीत. आणि कोपरा-खुर्ची.

काका म्हणाले, “एकाच मापाची केली तर स्वस्त पडतील ताई.”

“माहीत आहे काका. पण मुलं एका मापाची नाहीत.”

त्यांनी पेन्सिल कानामागे खोवली आणि लाकूड शोधायला आत गेले.

रात्री ९.००

जेवणं उरकल्यावर एक पत्र लिहायचं आहे. सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून अंगणवाड्यांना साहित्य द्यायची तयारी एका कंपनीनं दाखवली आहे आणि पर्यवेक्षिका मॅडमनी आमची गरज लेखी मागितली आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पन्नास वर्षांत अंगणवाडीनं आहार, लसीकरण आणि वाढीच्या नोंदी घरोघर पोचवल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा टप्पा शिक्षणाचा पाया मानला आणि खेळातून शिकणं हा त्याचा मार्ग सांगितला. खेळणाऱ्या मुलाला कशावर बसवायचं, हा प्रश्न आता आमच्यासारख्यांनी धिटाईनं मांडायला हवा. म्हणून पत्रात लिहिते:

“आम्हाला रंगीत बाकांच्या रांगा नकोत. तीन मापांची हलकी स्टुलं, चार ठेंगणी टेबलं, सुती गाद्या आणि त्यांच्या निघणाऱ्या खोळी दोन जोड, विणलेल्या चटया, पाट, आणि ज्या मुलाला गरज आहे त्याच्यासाठी कोपरा-खुर्ची द्यावी. देण्याआधी आपल्या माणसानं एक सकाळ येऊन मुलांशेजारी खाली बसावं. मुलांच्या उंचीची यादी सोबत जोडली आहे. रंग आपण ठरवा, माप मात्र मुलांचं घ्या.”